लव्हेंडर तेलाची फसवणूक, जी नेहमीच्या अहवालात दिसत नाही

आमच्या छोट्या साबण उद्योगासाठी ‘भद्रवाहचे शुद्ध लव्हेंडर’ (भद्रवाह हे जम्मूच्या डोडा जिल्ह्यातले गाव) असे लेबल लावलेले इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेले सुगंधी तेल, आम्ही एका व्यापाऱ्याकडून घेत होतो. प्रत्येक लॉटबरोबर जीसी-एमएस अहवाल (तेलातील घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण दाखवणाऱ्या तपासणीचा) येत असे आणि त्यातील लिनालूल व लिनालिल ॲसिटेट या दोन प्रमुख घटकांचे प्रमाण लव्हेंडर तेलासाठीच्या आयएसओ ३५१५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मर्यादेत चोख बसत असे. संशय आला तो याच चोखपणामुळे. पाऊसमान, काढणीची वेळ आणि ऊर्ध्वपातन किती वेळ चालले यांनुसार शेतातल्या तेलाचे आकडे दरवर्षी थोडे तरी हलतात. आमच्याकडे आलेल्या निरनिराळ्या हंगामांतील लॉटचे आकडे मात्र जवळजवळ सारखेच होते. म्हणून आम्ही कायरल तपासणी (एकाच रेणूची आरशातील प्रतिमांसारखी दोन रूपे वेगळी मोजणारी) करणाऱ्या एका प्रयोगशाळेकडे नमुना पाठवला.

ही तपासणी काय शोधते, हे तेल विकत घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. लिनालूलचा रेणू दोन रूपांत आढळतो. डावा आणि उजवा हात एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे असूनही एकावर एक तंतोतंत बसत नाहीत, तशीच ही ‘आर’ आणि ‘एस’ रूपे असतात. दोन्हींचे वस्तुमान आणि उत्कलनबिंदू एकच असल्यामुळे नेहमीच्या जीसी-एमएस तपासणीत ती वेगळी दिसतच नाहीत. लव्हेंडरचे झाड लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट विकरांच्या (एन्झाइम्सच्या) साहाय्याने घडवते, त्यामुळे त्यात ‘आर’ रूपच जवळजवळ सर्व असते (धण्याच्या तेलात मात्र ‘एस’ रूप प्रबळ असते). कारखान्यात तयार होणाऱ्या स्वस्त लिनालूलमध्ये दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात. सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या वलयाकार रेणूच्या संयुगांचा थर असलेल्या स्तंभातून (तपासणी यंत्रातील बारीक नळीतून) तेलाची वाफ पाठवली की ही दोन्ही रूपे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि भेसळ लपत नाही.

आमच्या नमुन्यात लिनालिल ॲसिटेटपैकी ३४ टक्के ‘एस’ रूपाचे निघाले. संश्लेषित मालात तेवढेच ‘आर’ रूपही असणार, म्हणजे त्या घटकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कारखान्यातला होता.

अहवाल पुढे ठेवल्यावर व्यापाऱ्याने सांगितले की ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेने रूपे बदलतात. हा खुलासा अर्धाच खरा आहे आणि म्हणूनच तो फसवा आहे. आम्लधर्मी गरम पाण्यात लिनालूलचे काही प्रमाणात तसे होऊ शकते. लिनालिल ॲसिटेटचे रूप मात्र ऊर्ध्वपातनात टिकून राहते. त्यामुळे निर्णय करताना लिनालिल ॲसिटेटचाच आकडा पाहावा. त्यानंतर त्याने उत्तरे देणे बंद केले आणि आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठवली.

कायरल तपासणीलाही मर्यादा आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लव्हँडिन या स्वस्त संकरित झाडाच्या तेलातही लिनालूल ‘आर’ रूपाचेच असते, म्हणून तिथे कापराचे प्रमाण पाहावे लागते. खऱ्या लव्हेंडरमध्ये ते अत्यल्प असते आणि लव्हँडिनमध्ये कित्येक पट अधिक. कापराच्या झाडाच्या एका प्रकारापासून मिळणाऱ्या ‘हो’ नावाच्या तेलातले ‘आर’ लिनालूल मिसळले, तर केवळ लिनालूलच्या कायरल आकड्यावरून ती भेसळ उघड होत नाही.

सर्वांत वाईट वाटते ते जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेतून रोपे आणि ऊर्ध्वपातनाची यंत्रे मिळाल्यावर अनेकांनी मका सोडून लव्हेंडर लावले, आणि त्यांच्या गावाच्या नावावर कारखान्यातले रसायन विकले जात आहे.

लव्हेंडर तेल घाऊक घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी त्याच लॉटचा, लॉट क्रमांक छापलेला आणि लिनालिल ॲसिटेटची दोन्ही रूपे स्वतंत्रपणे दाखवणारा कायरल अहवाल लेखी मागावा. डबा उघडतानाच साक्षीदारासमोर थोडे तेल गडद काचेच्या बाटलीत सीलबंद करून ठेवावे, कारण आमच्या नोटिशीला आधार मिळाला तो अशाच राखून ठेवलेल्या नमुन्यामुळे.