देवाची मुले, देवाचे वारस : सहा रविवारांचा अभ्यासवर्ग

पुण्यातील एका ख्रिस्ती मंडळीने उपासनेनंतर घेतलेल्या सहा रविवारांच्या अभ्यासवर्गाला मी न चुकता हजर राहिलो. शुल्क नव्हते, छापील टिपणांचे तेवढे पन्नास रुपये पडले. विश्वासणारे देवाची मुले ठरतात, हे लहानपणापासून ऐकत आल्याने फारसे नवे काही मिळेल, असे वाटले नव्हते.

तिसऱ्या रविवारी मात्र नव्या करारातील पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा ‘हुइओथेसिया’ हा शब्द निघाला. दत्तकपणासाठीचा हा ग्रीक शब्द नव्या करारात पाचच वेळा येतो आणि तो मुळात कायद्यातला आहे. रोमन उच्चकुळांत वंश व मालमत्ता पुढे चालावी म्हणून बहुधा जाणत्या पुरुषालाच दत्तक घेत. सम्राट ऑगस्टसने इ.स. 4 मध्ये तिबेरियसला घेतले, तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. पौलाचे रोमकरांस पत्र लिहिले गेले त्या सुमारास रोमच्या गादीवर बसलेला नीरोही क्लॉडियसचा दत्तक पुत्रच, हे पाळकसाहेबांनी सांगितले आणि त्या पत्राच्या आठव्या अध्यायातील ‘वारस’ या शब्दाचे वजन एकदम कळले. “मग आम्हा बायकांचे काय?” असे एका आजींनी विचारले, तेव्हा पौल स्त्रियांनाही पुत्रांच्याच हक्कात धरतो, हे पाळकसाहेबांनी त्याच्याच गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायावरून दाखवले.

आपल्याकडचा कायदा मात्र चर्चेत आलाच नाही. भारतातील ख्रिस्ती दांपत्यांना दीर्घकाळ 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे. दत्तकाची वाट 2000 च्या बाल न्याय कायद्यानंतर मोकळी झाली. माझ्या मावशीने वाढवलेली मुलगी कागदोपत्री ‘पाल्य’च राहिली आणि घर तिला मिळावे म्हणून मावशीला मृत्युपत्र करावे लागले. पाल्य आणि वारस यांतला फरक मी त्या घरात पाहिला आहे.

उणिवाही आहेत. नव्या करारातलाच दुसरा लेखक योहान देवापासून जन्मण्याविषयी बोलतो, पौल दत्तकाविषयी. वर्गात दोन्ही प्रतिमांची सरमिसळ झाली. इस्राएल लोकांना देवाचा ज्येष्ठ पुत्र म्हणणारे जुन्या करारातील निर्गम ग्रंथाचे वचन आणि होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथाचा अकरावा अध्याय शेवटच्या दहा मिनिटांत उरकले गेले, वास्तविक दत्तकपण इस्राएलाचे असल्याचे पौल स्वतःच रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात लिहितो. टिपणांत वचनांचे फक्त संदर्भ छापले आहेत, त्यामुळे जाताना स्वतःचे पवित्र शास्त्र न्यावे.