‘जी’ म्हणून ‘डी’ गळ्यात मारली: लो व्हिसल घेणाऱ्यांनी वाचा

लो व्हिसल, म्हणजे उभी धरून फुंकायची सहा छिद्रांची लांब बासरी, घेण्यात एकूण ९,३५० रुपये गेले. ३,००० आगाऊ, ४,८०० माल ‘तयार’ झाल्यावर, १,२०० ‘लहान हातांसाठी छिद्रं सरकवून देण्याचे’ आणि ३५० कुरिअरचे. कुरिअर पुण्यातून पुण्यात! त्यातले १,२०० सगळ्यात जास्त झोंबतात. का, ते पुढे येईलच.

आगाऊ घ्यायचे, मग आणखी काढायचे, मग ब्लॉक करायचं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी कुणाला ओटीपी दिला नाही, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नाही. आणि वस्तू आली की हो घरी! वस्तूच आली नसती तर निदान फसवणूक झाली हे तरी लोकांनी मान्य केलं असतं.

मला बांगड्या दोन-दोनच्या लागतात, यावरून हाताचा अंदाज करा. तिचीच लहान बहीण टिन व्हिसल मी वाजवते, नेहमीची डी पट्टीची, जेमतेम फूटभर लांब. तिचे वरचे सूर फ्लॅटमध्ये कान फाडतात आणि शेजारच्या आजींनी ते दोनदा बोलूनही दाखवलं. म्हणून खालच्या पट्टीची, म्हणजे लो व्हिसल, हवी होती. सगळे लो डी सुचवतात, पण ती साठ सेंटिमीटरच्या आसपास जाते. छिद्रं इतकी लांब लांब की बोटांची टोकं पोचतच नाहीत, मधल्या पेरांनी झाकावी लागतात. त्याला पायपर्स ग्रिप म्हणतात. तसं धरूनही खालच्या हाताची अनामिका किंचित जरी सरकली तरी हवा गळते आणि सूर फाटतो. लहान हाताला मधला मार्ग म्हणजे ए, जी, फार तर एफ. लो जी साधारण ४३ ते ४५ सेंटिमीटर भरते. मी ठरवून लो जी मागितली होती. ‘काहीतरी छानसं द्या’ असं म्हणणारं गिऱ्हाईक नव्हते मी.

हा माणूस इन्स्टाग्रामवर सापडला. स्वतः बनवतो म्हणे. बोलायला गोड, ‘ताई’शिवाय वाक्य नाही. इतिहासही तोंडपाठ: इंग्लंडच्या बर्नार्ड ओव्हरटननं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयरिश वादक फिनबर फ्युरीसाठी लो व्हिसल कशी घडवली, वगैरे. ते खरंच आहे. पण ओव्हरटनची नळी अॅल्युमिनियमची होती, आणि हा ‘ओव्हरटन पद्धतीची, डेलरिनमध्ये’, म्हणजे टणक प्लास्टिकमध्ये, देणार होता. आधी गोष्ट सांगणाऱ्याला जरा जास्तच प्रश्न विचारा. मग म्हणाला, ताई, वहीच्या कागदावर हात ठेवून पेन्सिलीनं आखा आणि फोटो पाठवा, तुमच्या बोटांप्रमाणे छिद्रं पाडतो. मी दोन्ही हात आखून पाठवले. इतकं कोण विचारतं हो? तिथेच विश्वास बसला आणि १,२०० गेले.

आता तो व्हिडिओ. उरलेले पैसे देण्याआधी मी स्पष्ट लिहून विचारलं होतं: ‘सगळी छिद्रं बंद केल्यावर जी ना?’ उत्तरादाखल अंगठा आणि अकरा सेकंदांचा व्हिडिओ. शेजारी फोनवर सूर ओळखणारा ट्यूनर, त्यावर जी, ३९२ हर्ट्झ, काटा अगदी मधोमध. मी तो किती वेळा पाहिला असेन! प्रत्येक वेळी त्या काट्याकडे पाहिलं. व्हिडिओत वरचा हात दिसत होता, तीन बोटं छिद्रांवर घट्ट. खालचा हात नव्हता. नळी चौथ्या छिद्रापाशी फ्रेमबाहेर जात होती. लो डीवर वरची तीन छिद्रं झाकली की निघणारा सूर जीच असतो, तोच, ३९२ हर्ट्झचा. ट्यूनर खोटं बोलत नव्हता! चोरानं खऱ्या काट्यानं मला गंडवलं. मला व्हिसल वाजवता येते, बोटं पाठ आहेत, आणि तरी खालचा हात कुठे आहे हे सुचलं नाही. पण मी म्हणते, समोरचा ट्यूनर दाखवत असताना कोण हात मोजत बसतं? ४,८०० लगेच पाठवले.

पार्सल हातात घेतलं तेव्हाच खोका लांब वाटला. आत लो डी. छिद्रं सगळी एका सरळ रेषेत, एकही सरकवलेलं नाही, म्हणजे माझ्या आखलेल्या हातांची त्यानं पुडी बांधली असणार. डेलरिन म्हणून जे आलं त्याचा काळा रंग तोंडाजवळ नखानं खरवडला तर खाली पांढरट पाइप आणि त्यावर निळी छापील अक्षरं निघाली. भिंतीत वायरी घालायचा पाइप! पुण्यात विजेचं सामान विकणाऱ्या तापकीर गल्लीत अगदी स्वस्तात आख्खी लांबी मिळते. पीव्हीसीची व्हिसल वाईटच असते असं नाही, चांगलीही बनते, पण मग पीव्हीसी म्हणून विका आणि पीव्हीसीचे पैसे घ्या.

फोन केला तर साहेब शांत. ‘ताई, बासरीच्या हिशोबानं ही जीच आहे. तीन बोटं ठेवून बघा.’ इथे नवख्यांनी कान टवकारा. बासरीची पट्टी तीन छिद्रं बंद करून निघणाऱ्या सा वरून सांगतात, व्हिसलची सहाही बंद करून निघणाऱ्या सुरावरून. म्हणजे लो डी ही बासरीवाल्यांच्या हिशोबानं पांढरी पाच (जी), आणि मला हवी होती ती लो जी पांढरी एक (सी). हा फरक त्याला नीट ठाऊक होता, म्हणून तर खालचा हात लपवला. परत घ्या म्हटल्यावर ‘कस्टम ऑर्डर परत होत नाही’, आणि संध्याकाळी ब्लॉक.

मग चौकी. ‘शिट्टी? रेफरीची?’ इथून सुरुवात. साडेनऊ हजारांची शिट्टी कोण घेतं, यावर तिथे दोघांचं हसून झालं. मग, वस्तू मिळाली ना, मग ही दिवाणी बाब. मग, त्याचा पत्ता नदीपलीकडचा, आयुक्तालय वेगळं, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे तुमच्या घरून गेले, तुमच्याकडेच द्या. ऑनलाइन व्यवहार म्हणून सायबरकडे गेले, तर तिथे पुन्हा ‘वस्तू मिळाली ना?’ एका साहेबांनी तर ही जी नाही, डी आहे असा तज्ज्ञाचा दाखला मागितला. कुठे मिळतो असा दाखला? तलाठ्याकडे? मी तिथेच फोनवर ट्यूनर लावून सहाही छिद्रं झाकायला गेले, तर बोटं पोचेनात, सूर फाटला आणि ट्यूनर काहीच धड दाखवेना. वाजवता येत नाही म्हणून तक्रार करताय का, असं वर ऐकून घेतलं. बँकेचं उत्तर एका ओळीचं: यूपीआय पिन तुम्हीच टाकला. अहो, मीच टाकला, म्हणून तर तक्रार घेऊन आले ना!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. चौकीत हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे रिक्षाचे पैसे तरी वाचले असते. तक्रारीला जोडायला ‘सगळी छिद्रं बंद केल्यावर जी ना?’ हा मेसेज कामी आला. विचारायचं ते लेखी विचारा, फोनवर नको. पैसे जाऊन वस्तूच आली नसेल तर मात्र तासाभरात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, चौकीत हसून घ्यायला जाऊ नका.

आणि पैसे देण्याआधी नळीशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो मागा. शेवटच्या तीन छिद्रांमधली अंतरं मिलिमीटरमध्ये मागा, लाटण्यावर कागद गुंडाळून तेवढ्या खुणा करा आणि बोटं ठेवून बघा. पोचत नसतील तर ‘सवयीनं जमेल’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. व्हिडिओत दहाही बोटं दिसली पाहिजेत.

माझी आयोगातली तारीख पुढे ढकलली आहे. त्यानं दरम्यान खात्याचं नाव बदललंय. आता ‘मुलांसाठी खास लो एफ’ विकतोय, ६,२०० ला, आणि खाली ‘ताई, मुलाचा हात आखून पाठवा’ असं लिहिलंय.