समुद्राच्या पाण्याचा नकाशा: फुकट हाय, पण समजून वापरा

क्लायमेट सेंट्रल या अमेरिकन संस्थेचं कोस्टल रिस्क स्क्रीनिंग टूल, म्हणजे समुद्र चढला तर किनाऱ्याची कुठली जमीन त्या पाण्याच्या खाली येते ते दाखवणारा नकाशा. ब्राउझरमध्ये उघडतं, पैसे नाहीत. आता सांगलीकराला समुद्राचं काय पडलंय म्हणाल, आपण साडेपाचशे मीटर उंचीवर, पण मावसभाऊ भाईंदरला फ्लॅट बघतोय आणि "तुम्हा पूरवाल्यांना यातलं कळतंय" म्हणून त्यानं लिंक मलाच टाकली.

वॉटर लेव्हलचा नकाशा एक नंबर. भरतीच्या रेषेवर अर्धा मीटर, एक मीटर, दोन मीटर असं पाणी चढवत जायचं आणि कुठं लाल होतंय बघायचं. आपल्याकडं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं म्हटलं की आता सूर्यवंशी प्लॉटात शिरणार, मग दत्तनगरात, हे पाठच असतंय की, तसंच हे. २०५० वगैरे साल टाकून पण बघता येतं पण त्यात अंदाजावर अंदाज, मीटर म्हणजे मीटर.

आता गोम सांगतो. लाल म्हणजे बुडणारच असं नाही, लाल म्हणजे जमीन तेवढी खाली. वसई खाडीची खारफुटी लाल दिसते, ती भरतीचीच जागा, त्यात नवीन काय! आणि जमिनीची उंची मुळात नासाच्या २००० सालच्या स्पेस शटलमधल्या रडारवरनं घेतलेली, त्या रडारला झाडाचा शेंडा नि बिल्डिंगची गच्ची पण जमीनच वाटायची, त्यामुळं शहरं आहेत त्यापेक्षा उंच दिसायची. क्लायमेट सेंट्रलवाल्यांनी कॉम्प्युटरला शिकवून ती चूक बरीच कमी केलीय, तरी सोसायटीचं गेट किती उंचीवर आहे ते यातनं काढायला जाऊ नका राव.

मोठा तोटा म्हणजे पाऊस धरलेलाच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्यात भरती, पाणी निघणार कुठनं? गटार, नाला, पंप यातलं काहीच नकाशाला माहीत नाही. २०१९ ला आयर्विनला ५७ फूट झालं तेव्हा आमच्या गल्लीत पाणी नदीकडनं आलंच नाही, मागच्या नाल्यातनं उलटं चढलं. म्हणून भावाला म्हटलं, दोन मीटरला लाल होत असेल तर तळमजला घेऊ नको, आणि जुन्या दुकानदारांना विचार २००५ ला पाणी कुठवर होतं.

झालेला पूर बघायचा तर युरोपच्या सेंटिनल-१ उपग्रहाचे रडार फोटो बघा, ते पण फुकट, ढगातनं पण दिसतंय, साचलेलं पाणी काळं येतं. दाट वस्तीत मात्र गंडतंय.

पाचपैकी साडेतीन. मोबाईलवर नको, लॅपटॉपवर बघा.