स्ट्राव्हाचा रूट बिल्डर: धावायला निसर्गरम्य वाट शोधण्यासाठी कितपत कामाचा?

घराच्या आसपास धावायला नवी वाट हवी असली की बरेच जण स्ट्राव्हा या धावा नोंदवण्याच्या ॲपमधला रूट बिल्डर, म्हणजे नकाशावर वाट आखण्याची सोय, उघडतात. अंतर मोजण्यात तो पक्का आहे आणि लोक कुठून धावतात हे दाखवण्यात त्याला तोड नाही. चढाची गोष्ट मात्र तो अर्धीच सांगतो, आणि देखावा त्याला जवळजवळ कळतच नाही. हे लक्षात ठेवून वापरला तर नवशिक्यापासून मुरलेल्या धावपटूपर्यंत सगळ्यांना उपयोगी पडतो. त्याने सुचवलेली वाट डोळे मिटून घेतली, तर मात्र नवशिक्याची पहिल्याच आठवड्यात दमछाक होते.

वापर सोपा आहे. नकाशावर एका ठिकाणी टिचकी मारायची, मग दुसऱ्या; मधली वाट तो स्वतः जोडतो. जोडताना जिथून जास्त लोक जातात त्या रस्त्याला झुकतं माप देतो. सपाट की चढाचा, पक्का की मातीचा हेही सांगता येतं. आधी धावणं हा प्रकार निवडलाय ना, तेवढं बघून घ्यावं. सायकलचा प्रकार चालू राहिला तर तो मोठ्या, वाहत्या रस्त्यांवर नेऊन सोडतो. मधेच बाग किंवा मैदान आलं आणि आतली पायवाट नकाशात नसली, तर मॅन्युअल मोडमध्ये तेवढा तुकडा हाताने काढावा. २०२० पासून रूट बनवण्याची सोय फक्त सशुल्क सदस्यांना आहे, त्यामुळे एकाच बागेत फेऱ्या मारणाऱ्याला तिची गरज नाही.

खरी ताकद हीटमॅपमध्ये आहे. सार्वजनिक ठेवलेल्या धावांच्या नोंदी एकावर एक रचल्या की वर्दळीच्या वाटा उजळ दिसतात. पण तो वाचायला शिकावं लागतं. उजळ रेघ म्हणजे तिथे घड्याळ किंवा फोन लावून धावणारे पुष्कळ आहेत, एवढंच. सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असलेली, नोंद न करणाऱ्यांची सुंदर वाट त्यावर फिकीच दिसणार. उलट मोजक्या लोकांनी रोज नेमाने वापरलेली गल्लीही ठळक होते. नोंदी साचत जातात, त्यामुळे अलीकडे बंद झालेली वाट काही काळ तशीच चमकत राहते. अशा वेळी गेल्या आठवड्याचा हीटमॅप लावून बघावा. तिथे रेघ गायब असेल तर काम चालू असण्याची किंवा फाटक लागलं असण्याची शक्यता धरून चालावं. रात्रीचा वेगळा हीटमॅपही आहे. अंधार पडल्यावर किंवा उजाडण्याआधी धावणाऱ्याने आधी तोच उघडावा. दिवसा उजळ आणि रात्री काळी पडणारी वाट एकट्याने टाळलेली बरी.

आता चढ. रूट बिल्डर एकूण चढाचा एक आकडा देतो आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. ५ किलोमीटरच्या दोन वाटा घ्या, दोन्हींवर एकूण चढ ६० मीटर. पहिलीवर तो अडीच किलोमीटरभर पसरलाय, म्हणजे सरासरी २.४ टक्के (१०० मीटर जाताना २.४ मीटर वर), पायांना जेमतेम जाणवेल. दुसरीवर तोच ६० मीटर ६०० मीटरच्या एका टप्प्यात आहे, म्हणजे १० टक्के. अशा चढावर तेवढंच अंतर धावायला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. नवशिक्या तिथे चालायला लागणारच, आणि त्याने चालावंच. ॲपमध्ये मात्र दोन्ही वाटांपुढे आकडा एकच. म्हणून खालचा उंचीचा आलेख उघडून त्यावर बोट फिरवावं आणि सगळ्यात उभा टप्पा किती लांब आहे ते बघावं. २०० मीटरहून लांब, ६ टक्क्यांहून उभा चढ नवशिक्याच्या वाटेत नको.

आलेखावरही आंधळा विश्वास नको. उंचीचे आकडे मुख्यतः जमिनीच्या मॉडेलवरून, म्हणजे जागोजागच्या उंचीच्या संगणकी नकाशावरून येतात. मॉडेलला पूल दिसत नाही, पुलाखालचं पात्र दिसतं. त्यामुळे उंच पुलावरून जाणाऱ्या सपाट वाटेच्या आलेखात कधीकधी खोल खड्डा पडतो आणि न चढलेले १५-२० मीटर हिशेबात जमा होतात. डोंगराच्या कुशीतल्या वाटेवर रेघ दहा-पंधरा मीटर बाजूला सरकली तरी आलेखाला करवतीसारखे दाते येतात. खरा चढ गोलसर दिसतो, चुकीचा टोकदार. एकदा नजर बसली की फरक लगेच ओळखू येतो.

तंदुरुस्तीप्रमाणे वाट कशी निवडायची याचा साधा हिशेब असा. नुकती सुरुवात केलेल्याला २ ते ३ किलोमीटर पुरेत, किलोमीटरमागे चढ ८ मीटरच्या आत, आणि शक्यतो ८०० मीटर ते १ किलोमीटरचा गोल, जो पुन्हापुन्हा मारता येईल. गोलाचा फायदा हा की दम लागला तरी घर जवळच असतं. जाऊन-येऊन प्रकारच्या वाटेवर नवशिके हमखास एक चूक करतात: ताजेतवाने असताना लांब जातात आणि परतताना पाय उचलत नाहीत. सलग अर्धा-पाऊण तास बोलत बोलत धावता येणाऱ्याला ५ ते १० किलोमीटर आणि किलोमीटरमागे १० ते १५ मीटर चढ झेपतो. त्याच्यासाठी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट उत्तम, कारण मधल्या बिंदूवर थांबायचं की दुसरा गोल घ्यायचा हे तिथल्या तिथे ठरवता येतं. अनुभवी धावपटूने १५ किलोमीटरच्या पुढे, किलोमीटरमागे २० मीटर किंवा जास्त चढ घ्यायला हरकत नाही. पण मोठा उतार शेवटी ठेवू नये. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. थकलेल्या मांड्यांवर तो भार आला की पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरतानाही कळ येते.

चढ कुठे यावा हेही महत्त्वाचं. पहिल्या किलोमीटरमध्ये अंग गरम झालेलं नसतं, पोटऱ्या आखडतात. एक तृतीयांश अंतर झाल्यावर चढ आणि शेवट सपाट, ही रचना बहुतेकांना मानवते. बऱ्याचदा त्यासाठी वाट बदलावीही लागत नाही. तोच गोल उलट्या दिशेने मारला की काम होतं, आणि रूट बिल्डरमध्ये दिशा उलटी करायला एक बटण पुरतं.

देखाव्याकडे वळायचं तर एक गोष्ट कोणतंही ॲप सांगत नाही: पायाखाली बघावं लागलं की आजूबाजूचं काही दिसत नाही. दगड, मुळं, खाचखळगे असलेल्या वाटेवर नजर सतत पुढच्या तीन-चार पावलांवर असते. तळ्याचा काठ कितीही सुंदर असो, तिथली वाट ओबडधोबड असेल तर नवशिक्याच्या वाट्याला फक्त जमीन येते आणि घोटा मुरगळण्याची भीती राहते. म्हणून सुरुवातीच्या पातळीला देखावा हवा तर दाबलेली माती किंवा बारीक खडीची सपाट वाट शोधावी, आणि खडबडीत सुंदर तुकडे चालण्यासाठी राखून ठेवावेत. उपग्रह चित्र लावून पाण्याची कड, झाडांची सलग रांग आणि मोकळी टेकडी बघून ठेवायची, मग वाट त्यांना जोडायची. सगळ्यात सुंदर तुकडा शक्यतो दुसऱ्या अर्ध्यात यावा. सुरुवातीला आला तर नकळत वेग वाढतो. दाट झाडीखाली जीपीएस भरकटतं, तेव्हा तिथे घड्याळातला वेग बघू नये, श्वासावरून वेग ठरवावा.

मातीच्या वाटांच्या बाबतीत कोमूट सरस आहे. २०१० साली जर्मनीत सुरू झालेलं हे ॲप वाटेवर डांबर किती, खडी किती, माती किती हे तोडून दाखवतं. तंदुरुस्तीची पातळीही विचारतं आणि त्यानुसार लागणाऱ्या वेळेचा अंदाज बदलतं. पण वाट आपल्याला झेपेल का, हे त्या अंदाजावरून ठरवू नये. दोन्ही ॲपच्या नकाशामागे ओपनस्ट्रीटमॅपची माहिती आहे, जी २००४ पासून स्वयंसेवक भरत आलेत. जिथे कुणी भरलेली नाही तिथे पृष्ठभाग 'अज्ञात' दिसतो, आणि 'अज्ञात' म्हणजे चिखलही असू शकतो. अशी वाट आधी एकदा चालून यावी. रस्ते ओलांडण्याच्या जागा, पाण्याचा नळ, मोकळे कुत्रे, एका बाजूला कललेला रस्ता, हे सगळं चालताना कळतं.

स्ट्राव्हावर खासगीपणाची सेटिंग पहिल्याच दिवशी लावावी. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या हीटमॅपवर निर्जन भागांतल्या लष्करी तळांच्या आकृत्या उमटल्याचं जानेवारी २०१८ मध्ये जगासमोर आलं. जिथे धावणारे मोजके होते, तिथे तेव्हा एकट्याची रेघही उठून दिसायची. धावेची सुरुवात आणि शेवट १६०० मीटरपर्यंत लपवता येतो, आणि हीटमॅपमधून आपल्या नोंदी काढूनही घेता येतात. रोज घराच्या दारातून निघणाऱ्याने हे दोन्ही करावं. रूट कुणाला पाठवायचा असेल तर जीपीएक्स फाइल (वाटेची नोंद असलेली, इतर ॲपमध्येही उघडणारी फाइल) काढून द्यावी, आणि तीही दारापासून नव्हे, पहिल्या चौकापासून सुरू केलेली.