मॅकग्रेगर २६: शीड पण हवं, इंजिन पण हवं, मग घरच्यांसाठी ही बोट घ्यावी का?

शिडावर पण चालेल आणि इंजिनावर पण पळेल अशी फॅमिली बोट शोधायला लागलं की फिरून फिरून एकच नाव समोर येतं, मॅकग्रेगर २६, आणि तिच्याबद्दलची मतं एवढी टोकाची की नवीन माणूस पार गोंधळून जातो. मुरलेले सेलर नाक मुरडतात, ही कसली सेलबोट म्हणतात. ज्यांच्याकडे आहे ते तिची बाजू घेऊन भांडायला उठतात. मी दोन्ही मॉडेल चालवलीत, म्हणजे २६एक्स पण आणि २६एम पण, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. हिच्याकडे शीड असलेली मोटरबोट म्हणून बघितलंत तर खूश राहाल, इंजिन असलेली सेलबोट म्हणून घेतलीत तर वैतागाल.

आता असं का, तर सगळा खेळ वजनाचा आहे. शिडाच्या बोटीला खाली वजन लागतं, नाहीतर वारा तिला आडवी पाडेल. म्हणून कीलमध्ये, म्हणजे बुडाखालच्या पात्यासारख्या भागात, शिसं नाहीतर लोखंड भरतात. पण तेच वजन इंजिनाच्या वेगाच्या मुळावर येतं. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला एक ठरलेली मर्यादा असते, पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटातलं वर्गमूळ गुणिले १.३४, एवढे नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल. म्हणजे ती लांबी २३ फूट असली तर साधारण साडेसहा नॉट. त्याच्या पुढे कितीही मोठं इंजिन लावा, बोट स्वतःच केलेल्या लाटेवर चढायला बघते, मागचं टोक खाली बसतं आणि पेट्रोल नुसतं जळत राहतं. जास्त वेग पाहिजे तर बोट पाण्यावर उचलली गेली पाहिजे, प्लेनिंग म्हणतात ते, आणि त्याला हलकी बोट आणि सपाट बूड लागतं. म्हणजे शिडाला जे हवं त्याच्या बरोब्बर उलट.

मॅकग्रेगर कंपनीने यावर काढलेला तोडगा हुशारीचा आहे. वजन शिशाचं न ठेवता पाण्याचं ठेवायचं, म्हणजे पाहिजे तेव्हा भरा, नको तेव्हा सोडून द्या. २६एममध्ये तळाच्या टाकीत ११५० पौंड पाणी मावतं, म्हणजे पाचशे किलोच्या वर, शिवाय ३०० पौंड कायमचं वजन वेगळं. मागचा व्हॉल्व आणि पुढचं हवेचं बूच उघडलं की टाकी आपोआप भरते, पंप वगैरे काही नाही, कारण टाकी पाण्याच्या पातळीखालीच असते. रिकामी करायची तर व्हॉल्व उघडा ठेवून इंजिनावर जोरात पळवायची, पाणी मागून निघून जातं, मग व्हॉल्व बंद. ट्रेलरवर चढवताना पण टाकी रिकामी, त्यामुळे बोट ओढायला हलकी. रिकामी बोट साधारण २५५० पौंडांची आहे, म्हणजे इंजिन, सामान आणि ट्रेलर धरून १८०० ते २००० किलोच्या घरात हिशोब जातो. रुंदी २.३६ मीटर, त्यामुळे रस्त्यावर न्यायला कटकट कमी.

५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लटकवायचं इंजिन, लावलं, टाकी रिकामी, माणसं दोन-तीन, पाणी शांत, तर २० नॉटच्या आसपास जाते हे खरं आहे. पण तो जाहिरातीतला आकडा झाला. पोरं, पाणी, नांगर, साखळी, कपडे, खायचं सामान असा सगळा संसार भरला की पंधराच्या आतबाहेर धरा, आणि टाकी भरलेली असेल तर अजून कमी. तरी पण साध्या पंचवीस फुटी सेलबोटीच्या सहा नॉटसमोर हे दुपटीहून जास्त झालं, आणि घरच्यांबरोबर जाताना याचा अर्थ काय होतो ते बघा. दहा सागरी मैलांवरची खाडी साध्या सेलबोटीला वारा पडल्यावर इंजिनावर पावणेदोन तास, हिला पाऊण तास. लहान पोरं असतील तर या एका तासाची किंमत मी वेगळी सांगायला नको. समोरून वादळी ढग येताना दिसला तरी पळून बंदरात शिरता येतं, जे साध्या सेलबोटीला जमत नाही.

आता शिडाचं. इथं मात्र हातचं राखून बोलत नाही. बोट उंच, हलकी, बाजू वाऱ्याला भरपूर सापडतात, त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावर चढताना ती बाजूला सरकते, आणि चांगली सेलबोट नव्वद अंशात टॅक करते, म्हणजे वारा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेत वळते, तिथं हिला बराच जास्त कोन लागतो. मागे लटकलेलं इंजिनाचं वजन असतं ते वेगळंच. वारा बाजूने किंवा मागून असेल तर मजेत चालते, तक्रार नाही. पाण्याच्या टाकीचा अजून एक स्वभाव आहे, तळातलं पाणी शिशाइतकं जड नाही आणि फार खोलवर पण नाही, म्हणून बोट सुरुवातीला पटकन कलते आणि मग कुठंतरी जाऊन घट्ट होते. पहिल्यांदा बसणारा माणूस या पहिल्या कलण्याला घाबरतो, घरातली मंडळी तर ओरडतातच. उपाय सोपा आहे, शीड लवकर लहान करायचं, रीफ करणं म्हणतात ते. बाकीचे लोक अजून पूर्ण शीड लावून असतील तेव्हा तुम्ही रीफ केलेलं असू द्या, कमीपणा वाटून घेऊ नका, ही बोट कमी कललेली असतानाच बरी चालते.

टाकीबद्दल एक गोष्ट मात्र जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात मोठा धोका तिथंच आहे. टाकी रिकामी असताना ही बोट कलंडली तर आपली आपण सरळ होत नाही. अर्धी भरलेली असेल तर अजून वाईट, आत पाणी हिंदकळतं आणि बोट ज्या बाजूला कलते त्याच बाजूला धावतं. २००२ साली ४ जुलैला अमेरिकेत लेक शॅम्प्लेनवर अशीच एक बोट उलटली, माणसं क्षमतेपेक्षा खूप जास्त होती, टाकीत पाणी नव्हतं, आणि केबिनमधली दोन मुलं गेली. कंपनीच्या सूचना स्पष्ट आहेत, टाकी रिकामी चालवायची तर शिडं खाली, माणसं चारच, छतावर किंवा पुढच्या डेकवर कोणी नाही, आणि लाटा फूटभराच्या आत. म्हणजे तो २० नॉटचा आकडा या सगळ्या अटींसकटचा आहे. मी म्हणेन घरचे बरोबर असताना टाकी भरलेलीच ठेवा, तीन-चार नॉट कमी मिळतील, मिळू द्या. आणि टाकी भरली का हे अंदाजाने ठरवायचं नाही, पुढच्या बुचातून काठी घालून पातळी बघायची, मग व्हॉल्व आणि बूच दोन्ही बंद आहेत हे हात लावून बघायचं. दुसरी बाजू पण सांगतो, आत भरपूर फोम भरलेला असल्यामुळे तळाला भोक पडलं तरी ही बोट बुडून तळाशी जात नाही, आणि या मापाच्या शिशाच्या कीलच्या बोटींमध्ये ही सोय सहसा नसते.

राहायला कशी? सहा जण झोपतात असं म्हणतात, माझ्या हिशोबाने दोन मोठे आणि दोन लहान आरामात, त्यावरचे दोघं पाहुण्यांसारखे. कॉकपिटखालचा, म्हणजे बोट चालवायच्या उघड्या जागेखालचा, मागचा बिछाना चांगला ऐसपैस आहे, पोरांना तो गुहेसारखा वाटतो आणि ती तिथून बाहेरच येत नाहीत. मधोमध सहा फुटी माणूस जेमतेम ताठ उभा राहतो. टॉयलेटला दार आहे, हसू नका, घरच्यांनी पुढच्या वेळी यायचं का नाही हे अर्धं त्यावर ठरतं.

एक्स का एम, हा प्रश्न हमखास येतो. एक्स १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००२ पर्यंत निघाली, नंतर एम आली ती २०१३ पर्यंत, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाचा कारखानाच बंद झाला. पुढे त्याच घराण्यातल्या मंडळींनी टॅटू २६ नावाने तीच कल्पना चालू ठेवली, पण बाजारात दिसतील त्या बहुतेक जुन्या एक्स आणि एमच. एमचं बूड पुढे जास्त व्ही आकाराचं आहे, त्यामुळे लाटांवर कमी आपटते, मास्ट, म्हणजे शिडाची डोलकाठी, फिरती आहे, शिडावर एक्सपेक्षा बरी. नवीन म्हणून सगळे एमच्या मागे असतात. पण माझी पसंती घरच्यांसाठी एक्सला, आणि कारण एकच, बोर्ड, म्हणजे बोट बाजूला सरकू नये म्हणून बुडातून पाण्यात सोडायचं पातं. एक्सचा सेंटरबोर्ड बिजागरीवर फिरतो, तळाला लागला की मागे उचलला जातो आणि तुम्हाला कळतं की बाबा पाणी उथळ झालं. एमचा डॅगरबोर्ड सरळ खाली जातो, पूर्ण सोडला की जवळपास पावणेसहा फूट खोल, आणि तो खडकावर आपटला तर मागे जायला जागाच नाही, धक्का थेट बोटीच्या पोटात. ओळखीच्या खोल पाण्यात फिरणार असाल तर एम खुशाल घ्या. अनोळखी खाड्या, वाळूच्या पट्ट्या, नदीची तोंडं हे तुमचं फिरणं असेल तर एक्स. बोर्ड वर घेतला की दोन्ही फूटभर पाण्यात तरंगतात आणि पोरांना सरळ वाळूवर उतरवता येतं, हे सुख खोल कीलवाल्यांच्या नशिबात नाही.

बंदरात हळू चालवताना नवीन माणसाचा घाम निघतो तो यातच. बोर्ड आणि सुकाणू वर असतील तर बोट पानासारखी वाऱ्यावर वाहत जाते. म्हणून जेटीला लावताना बोर्ड थोडा खाली, दोन्ही सुकाणू खाली, आणि वेग घ्यायच्या आधी सगळं परत वर, नाहीतर सुकाणूचे ब्रॅकेट मोडतात. चाक इंजिन आणि सुकाणू दोन्ही एकदम फिरवतं, सोय चांगली आहे पण शिडावर चाक जड लागतं, त्यामुळे बरेच जण शिडावर असताना इंजिनाचा जोड सोडून ठेवतात.

आणि एक नियमातली गोष्ट जी निम्म्या लोकांना माहीत नसते. शीड वर आहे पण इंजिन चालू आहे, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तुम्ही मोटरबोट, सेलबोटीचा वाट मिळायचा हक्क तुम्हाला नाही. दिवसा पुढे काळा शंकू टोक खाली करून लावायचा असतो, रात्री दिवे मोटरबोटीचे. या बोटीवर इंजिन हळू आणि मेनसेल, म्हणजे मोठं शीड, वर असं निम्मा वेळ चालतं, डोलणं कमी होतं म्हणून, तेव्हा हे डोक्यात पक्कं पाहिजे.

दुसरे पर्याय नाहीत का, तर आहेत, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहेत. फिशर किंवा फिनलंडची नॉटिकॅट अशा खऱ्या मोटरसेलर, म्हणजे शीड आणि मोठं इंजिन दोन्ही असलेल्या जड बोटी, वेग विसरूनच जातात, जड बूड, मोठं डिझेल, आणि काचांच्या आत बसून चालवायचं चाक. थंडी-पावसात लांब जायचं, घाई नाही, कोणी ओलं व्हायला नको, तर त्यांच्यासारखं काही नाही, पण त्यांना कायमची बंदरात जागा लागते आणि उथळ पाणी वर्ज्य. घडी होणारे ट्रायमरान, म्हणजे तीन बुडांच्या बोटी, जसं फॅरियरची एफ-२७ किंवा डेन्मार्कची ड्रॅगनफ्लाय, शिडावर या सगळ्यांना मागे टाकतात आणि ट्रेलरवर पण जातात, मात्र केबिन अरुंद, आणि शिडाची खरी आवड घरात निदान दोघांना तरी पाहिजे. आणि घरात सगळेच फक्त शिडाचे वेडे असतील तर साधी स्विंग कीलची, म्हणजे कील वर उचलता येणारी, सेलबोट आणि मागे लहान आउटबोर्ड, विषय संपला, मॅकग्रेगरच्या वाटेला जाऊच नका.

जुनी घेताना काय बघायचं ते थोडक्यात. ट्रेलर आधी बघा, बोटीच्या आधी, खाऱ्या पाण्यात बुडवलेल्या ट्रेलरचे ब्रेक आणि एक्सल गंजलेले असतात. मग सुकाणूचे ब्रॅकेट, स्टिअरिंगची केबल, बोर्डाची कड, मास्टच्या तारा जिथं बोटीला जोडतात त्या पट्ट्या, सगळं जरा हलकंच बांधलेलं असतं म्हणून ढिलं पडलंय का बघा. मास्ट क्रॅंकने उभी करून दाखवायला सांगा, एका माणसाला जमायला पाहिजे, आणि वर विजेच्या तारा नाहीत ना हे त्याआधी बघा, अॅल्युमिनियमची काठी आहे ती. शेवटी बोट पाण्यात असताना मालकाला टाकी तुमच्यासमोर भरायला लावा, व्हॉल्व बंद करा, थोडा वेळ फिरवून आणा आणि परत बुचातून काठी घालून पातळी बघा, मग आतल्या बिछान्यांखाली हात घाला. पातळी उतरलेली असेल किंवा बिछान्याखाली ओल लागली तर भाव कितीही पाडून देत असला तरी परत फिरा.