एफटीएल घ्यावा की ऑरालक्स? अंतराळातला छोटा स्ट्रॅटेजी गेम घेण्याआधी

स्पेस स्ट्रॅटेजी खेळायचाय पण स्टेलारिससारखे अवाढव्य किचकट गेम नकोत, त्यात सुरुवातीचा सगळा वेळ कुठलं बटण कशाचं हे बघण्यातच जातो, ऑफिस करून घरी आल्यावर एवढी ताकद कुणाकडे असते. अशी मागणी घेऊन येणाऱ्याला दोन नावं हमखास सुचवली जातात, एक एफटीएल आणि दुसरं ऑरालक्स. मग तो बिचारा दोन्हीचे रिव्ह्यू वाचायला बसतो आणि आणखीच गोंधळतो, कारण एफटीएलबद्दल एक जण म्हणतो आजवर खेळलेला बेस्ट गेम आणि त्याच्याच खालचा म्हणतो शुद्ध मटका आहे, पैसे वाया. ऑरालक्सबद्दल एक म्हणतो डोकं शांत होतं, दुसरा म्हणतो झोप येते. गंमत म्हणजे चौघंही खरं बोलतायत. फरक एवढाच की कुणाकडे वेळ थोडा असतो पण डोकं ताजं असतं, आणि कुणाकडे वेळ असतो पण डोक्याचा पार भुगा झालेला असतो. तुम्ही यातले कोण, हे आधी ठरवा, मग रिव्ह्यूमधले तारे बघा.

आधी एफटीएल. पूर्ण नाव एफटीएल: फास्टर दॅन लाइट, सप्टेंबर २०१२ मध्ये आला, बनवणारे मुळात दोघंच, मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा, दोघंही आधी टूके गेम्सच्या शांघाय ऑफिसात होते. लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या किकस्टार्टर या साइटवर मागितले होते १० हजार डॉलर आणि जमले २ लाखांच्या वर, तेव्हा त्याची भरपूर चर्चा झाली होती. तुमच्याकडे एक जहाज, त्यात तीन-चार माणसं, मागून बंडखोरांचा ताफा येतोय आणि तुम्हाला आठ सेक्टर पार करून शेवटी त्यांच्या फ्लॅगशिपशी, म्हणजे मुख्य जहाजाशी, भिडायचंय. जहाज वरून कापल्यासारखं दिसतं, प्रत्येक खोली दिसते, कुठे इंजिन, कुठे शील्ड, कुठे ऑक्सिजन. लढाई रिअल टाइम चालते पण स्पेसबार दाबला की सगळं थांबतं आणि तुम्ही निवांत बसून हुकूम देऊ शकता. या पॉजमुळेच तो कॅज्युअल माणसाच्या आवाक्यात येतो, बोटांच्या वेगाशी काही देणंघेणं नाही.

एक उदाहरण देतो म्हणजे चव कळेल. पहिलं जहाज केस्ट्रेल, त्यावर बर्स्ट लेझर टू असतं, एका दमात तीन गोळ्या. समोरच्याची शील्ड एक थराची असेल तर पहिली गोळी तो थर पाडते आणि उरलेल्या दोन आत बसतात. शील्ड दोन थरांची झाली की दोन गोळ्या त्यातच खपतात, एकच आत जाते, म्हणजे तुमचं तेच हत्यार अचानक निम्मं झालं. मग दुसरं हत्यार जोडावं लागतं आणि दोन्ही चार्ज होईपर्यंत हात आवरून एकदम सोडावी लागतात, पहिल्याने थर पाडायचे, दुसऱ्याने मारायचं, आणि नेम शत्रूच्या हत्यारांच्या खोलीवर, कारण ती बंद पडली की तो हात चोळत बसतो. हे एवढं कळलं की गेम पूर्ण वेगळा वाटायला लागतो. नवीन माणूस मात्र ऑटोफायर चालू ठेवतो, गोळ्या एकेक करून शील्डवर फुकट जातात आणि मग तो जाऊन लिहितो की गेम अनफेअर आहे.

आता त्यातच शत्रूचं मिसाइल येऊन तुमच्या ऑक्सिजन रूममध्ये आग लागली, मिसाइलला शील्ड अडवत नाही, तर तुम्ही काय करता, पॉज, माणसं बाहेर काढा, बाहेरचे दरवाजे उघडा, हवा गेली की आग विझते, पण हवा गेलेल्या खोलीत दुरुस्तीला पाठवलेला माणूस गुदमरायला लागतो, आणि तेवढ्यात समोरच्याची पुढची फैर भरत आलेली असते. असली दोन मिनिटं ज्याला भारी वाटतात त्याने पुढचं वाचू नये, सरळ एफटीएल घ्यावा.

नशिबाची तक्रार मात्र खोटी नाही. दुकानात काय मिळेल, वाटेत कोण भेटेल, सगळं रँडम. एका स्टेशनवर मोठाल्या परग्रही कोळ्यांनी हल्ला केलाय, मदतीला माणूस पाठवायचा का, असा एक प्रसंग येतो आणि पाठवलेला माणूस परत न येण्याची चांगलीच शक्यता असते, खेळणाऱ्यांमध्ये तो कोळ्यांचा किस्सा आता विनोद झालाय. पण दुसरी बाजू पण बघा ना, हार्डवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, एकामागून एक रन, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे डाव, जिंकत जाणारे लोक आहेत. निव्वळ मटका असता तर हे जमलंच नसतं. ते करतात काय तर ताफा जवळ येईपर्यंत सेक्टरमधले जास्तीत जास्त थांबे फिरून स्क्रॅप, म्हणजे गेममधला पैसा, जमवतात, शील्डचा दुसरा थर लवकर घेतात आणि ज्या प्रसंगात माणूस गमवायची भीती आहे तिथे "नको" म्हणून पुढे जातात. नवखा उलट करतो, घाबरून सरळ एग्झिटकडे पळतो आणि पाचव्या सेक्टरला रिकाम्या खिशाने पोचतो.

माझी खरी तक्रार फ्लॅगशिपबद्दल आहे. तीन टप्प्यांची लढाई, प्रत्येक टप्प्यात त्याची वेगळी खोडी, आणि त्यासाठी जहाज कसं हवं हे गेम तुम्हाला आधी धड सांगत नाही. दीड तास मस्त चाललेली रन शेवटच्या दहा मिनिटांत मातीत जाते तेव्हा चिडचिड होतेच, आणि तिथे सेव्ह लोड करायची सोय नाही, मेलात की मेलात. अर्ध्यात बंद करून उद्या पुढे खेळता येतं, पण मागे जाता येत नाही. घरी मुलं असतील, मधेच उठावं लागत असेल, तर काळजी नाही, पॉज आहे, सेव्ह-अँड-क्विट आहे. हरणं सहन होत नसेल तर मात्र काळजी आहे.

आता ऑरालक्स, आणि हा अगदी दुसऱ्या टोकाचा. ई. मॅकनील या डेव्हलपरने २०११ मध्ये पीसीवर आणला, नंतर वॉर ड्रम स्टुडिओजने मोबाइलवर नेला आणि २०१६ मध्ये ऑरालक्स: कॉन्स्टेलेशन्स आला, आज नवीन माणसाने घ्यायचा तो हाच. यात जहाज नाही, माणसं नाहीत, दुकान नाही, गोष्ट नाही. काळ्या आकाशात ग्रह, प्रत्येक ग्रहातून संगीताच्या ठोक्यावर प्रकाशाचे ठिपके बाहेर पडतात, तेच तुमचं सैन्य. एक ठिपका एका ठिपक्याला मारतो, दोघंही संपतात. सगळ्यांचे ठिपके सारखेच, ना कुणाची ताकद जास्त ना वेग. ठिपके रिकाम्या ग्रहावर ओतले की ग्रह तुमचा, स्वतःच्याच ग्रहावर ओतले की तो मोठा होतो आणि प्रत्येक ठोक्याला जास्त ठिपके देतो. संपले नियम. सासूबाईंना पण पाच मिनिटांत समजावता येतील.

वाटतं यात कसली आलीय स्ट्रॅटेजी, पण आहे. हातात शंभरेक ठिपके साठलेत, आता ग्रह मोठा करायचा की शेजारचा रिकामा ग्रह घ्यायचा की शत्रूवर सोडायचे? मोठा केला तर पुढे फायदा, पण ते ठिपके गेले, आणि नेमकं तेव्हाच नारंगी ठिपक्यांचा शत्रू आला तर बचावाला कोण? आणि बहुतेक वेळा समोर एक नाही दोन शत्रू असतात, म्हणून सगळ्यात चांगली चाल अनेकदा काहीच न करणं ही असते, त्या दोघांना एकमेकांत भांडू द्या, दोघं दमले की तुम्ही जा. हे न करता घाईत एकावर तुटून पडलात की दुसरा आरामात मागून येऊन तुमचं घर घेतो. लोक जेव्हा म्हणतात की दोन्ही एआय मिळून माझ्यावरच येतात, तेव्हा बऱ्याचदा झालेलं हेच असतं, सैन्य बाहेर आणि घर उघडं.

संथपणाची तक्रार? अहो आहेच तो संथ. ठिपके तरंगत तरंगत जातात, चहा ठेवून यावा इतका वेळ लागतो कधी कधी. मोबाइलवर स्पीड मोड आल्यापासून त्रास कमी झाला, पण एक गोष्ट तशीच राहिली, एकदा तुम्ही अर्ध्याहून जास्त ग्रह घेतले की निकाल ठरलेला असतो आणि तरी पुढची काही मिनिटं उरलेसुरले ग्रह पुसत बसावं लागतं. ज्यांना हे रिलॅक्सिंग वाटतं त्यांना वाटतं, मला ती मिनिटं फुकटची वाटतात. आणखी एक, फोनच्या छोट्या स्क्रीनवर बोटाने गोल काढून ठिपके निवडायचे असतात, गर्दी झाली की नको ते उचलले जातात. टॅबवर हा प्रॉब्लेम जवळपास नाहीच.

हरण्याचं म्हणाल तर इथे ते बोचत नाही. लेव्हल हरलात, परत सुरू, मागचं काही पुसलं जात नाही. एफटीएलमध्ये तुम्ही ज्याला नाव देऊन आठव्या सेक्टरपर्यंत आणलेलं असतं तो मँटिस, म्हणजे त्या परग्रही जमातीतला तुमचा माणूस, मरतो तेव्हा रागच येतो. ऑरालक्समध्ये शंभर ठिपके गेले तर गेले. पण याची उलटी बाजू अशी की ऑरालक्सची कुठलीच लेव्हल पुढच्या आठवड्यात आठवत नाही, आणि एफटीएलच्या हरलेल्या रनचे किस्से लोक दहा वर्षांनी पण सांगतात.

संगीत दोन्हीकडे उत्तम, वाद नको. एफटीएलचं बेन प्रंटीचं आहे, फिरताना शांत आणि लढाई लागली की त्याच धूनमध्ये ढोल चढतो. ऑरालक्समध्ये तर खेळच ठोक्यावर चालतो, म्हणजे आवाज बंद करून खेळणार असाल, ऑफिसच्या बसमध्ये इअरफोन विसरून वगैरे, तर अर्धा गेम घरी राहिला असं समजा.

मुख्य अडचण डिव्हाइसची, आणि खूप जणांचा निर्णय इथेच होतो. एफटीएल विंडोज, मॅक, लिनक्स आणि आयपॅडवर आहे. अँड्रॉइडवर नाही, आयफोनवर पण नाही. त्यामुळे ठाणे ते सीएसएमटी उभं राहून फोनवर काहीतरी खेळायचंय अशी गरज असेल तर चर्चा संपली, ऑरालक्स लावा. लॅपटॉप कितीही जुना असला तरी एफटीएल चालून जातो, ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. पैशाचं बघायचं तर एफटीएल एकदाच विकत घ्यायचा, १० डॉलरच्या आसपासचा गेम आहे, सेलमध्ये बराच स्वस्त मिळतो, आणि एप्रिल २०१४ मध्ये आलेली अॅडव्हान्स्ड एडिशन त्यातच फुकट येते, हॅकिंग, माइंड कंट्रोल, लॅनियस नावाची हवा खाणारी जमात, बरंच काही. कॉन्स्टेलेशन्स सुरू करायला फुकट, पुढच्या लेव्हलींचे पॅक विकत. म्हणजे आवडतो का हे खिशात हात न घालता कळतं, हा त्याचा मोठा प्लस.

मधलं काही हवं असेल तर आणखी दोन नावं. गॅल्कॉन, फिल हॅसीचा, ऑरालक्सचा तापट भाऊ म्हणा हवं तर, प्रत्येक ग्रहावर आकडा, एक टॅप, निम्मी जहाजं पाठव, आणि डाव दोन-तीन मिनिटांत खलास. माणसांविरुद्ध खेळायला मजा तिथे जास्त, पण शांतता औषधालाही नाही. दुसरा युफ्लोरिया, २००९ चा, आधी याचं नाव डायसन होतं, कारण धूमकेतूंवर झाडं लावायची कल्पना फ्रीमन डायसन या शास्त्रज्ञाची, गेममध्ये ती लघुग्रहांवर लावायची. बिया सोडायच्या, झाडं वाढवायची, झाडांमधून आणखी बिया. दिसायला इतका सुंदर की स्क्रीनशॉट काढून वॉलपेपर लावावा, पण ऑरालक्स संथ वाटणाऱ्याने याच्या वाटेला जाऊच नये, हा त्याहून संथ आहे.

तर माझं मत विचाराल तर असं. लॅपटॉप आहे, आठवड्यातून दोन-तीनदा तासभर मिळतो, बुद्धिबळ किंवा रमी खेळताना हरल्यावर "अजून एक डाव" म्हणणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर एफटीएल, इझीवर सुरू करा आणि इझीची लाज बाळगू नका, तिथे स्क्रॅप जास्त मिळतो आणि खेळ शिकायला तेवढी मोकळीक लागतेच. पहिल्या काही रनमध्ये फ्लॅगशिपपर्यंत पोचणं हेच टार्गेट ठेवा, जिंकणं नंतर. आणि तिथे पोचलात की त्याची मिसाइलवाली खोली आधी पाडा, बाकीचं मग बघू. टेलिपोर्टर असेल तर आपली माणसं आत पाठवून तिथला माणूस मारा, फक्त सगळा क्रू मारू नका, सगळे मेले की जहाज एआय चालवायला घेतो आणि दुरुस्ती पण स्वतःच करायला लागतो.

रात्री जेवण झाल्यावर पडल्या पडल्या वीस मिनिटं, डोक्याला ताप नको, फोन किंवा टॅब हातात, तर ऑरालक्स: कॉन्स्टेलेशन्स. फुकटच्या लेव्हली संपेपर्यंत खेळा. त्या संपताना पुढचा पॅक घ्यावासा वाटला तर घ्या, आणि अर्ध्यातच अंगठा दुसऱ्या अॅपकडे वळला तर काढून टाका, एक रुपया गेलेला नसेल.