ल्हासाच्या चिनी शिबंदीची परतपाठवणी : पूर्वेची वाट की दक्षिणेची?

१९१२ च्या ऑगस्टमध्ये नेपाळच्या प्रतिनिधीच्या मध्यस्थीने ल्हासातील चिनी शिबंदीने शस्त्रे खाली ठेवण्याचे मान्य केले, तेव्हा तिला मायदेशी धाडायचे कोणत्या वाटेने, हा प्रश्न उभा राहिला.

पूर्वेची वाट, म्हणजे खाम या पूर्व तिबेटी प्रदेशातून चीनचा सेचुआन प्रांत, ही या सैनिकांची येण्याची वाट होती. १९१० मध्ये ते तिथूनच आले होते. परंतु खाममध्ये चिनी ठाण्यांविरुद्ध उठाव पेटलेला असताना निःशस्त्र तुकड्यांना तिकडे पाठवणे म्हणजे त्यांना मृत्यूच्या तोंडी देणे होते, आणि शस्त्रांसह पाठवणे तर तिबेटींना मुळीच परवडणारे नव्हते.

दक्षिणेची वाट नकाशावर अगदीच आडवळणाची दिसते : ग्यांत्से, फारी, चुंबी खोरे, चौदा हजार फुटांच्या आसपासच्या खिंडी, सिक्कीम, कलकत्ता आणि पुढे समुद्रमार्गे चीन. तरीही खिंड ओलांडली की इंग्रजांचा बंदोबस्त, सिलिगुडीला रेल्वे आणि कलकत्त्याला बंदर होते. इंग्रजांनाही (त्यात भूतदयेचा भाग किती, हा प्रश्नच आहे) तिबेटमधून चिनी फौज गेलेली हवीच होती.

माझ्या मते ही निवड खरे तर बरोबरीची नव्हतीच. शिबंदी दक्षिणेनेच गेली. सेनापती चुंग यिंग मात्र ल्हासा सोडायला वर्षअखेरपर्यंत रेंगाळला.